जुनी स्पोर्ट्स कार तपासणीस आणताना: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

फेरारी, लॅम्बोर्गिनी किंवा पोर्शेची वापरलेली गाडी घेऊन आमच्या वडाळ्याच्या गॅरेजात येणारे बहुतेक ग्राहक दोनच प्रश्न विचारतात: दुरुस्तीला किती खर्च येईल, आणि तपासणीसाठी गाडी रात्रभर ठेवून घेण्याची गरज काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यावर अवलंबून असल्यामुळे दुसऱ्यापासून सुरुवात करणे बरे.

आमच्याकडे येणारी गाडी बहुधा सजून येते. ती धुतलेली असते, ऑइल नुकतेच बदललेले असते, इंजिनाचा पिवळा दिवा बाजारात मिळणाऱ्या स्वस्त स्कॅनरने घालवलेला असतो आणि वांद्र्याहून किंवा ठाण्याहून चालवत आणल्यामुळे इंजिन चांगले तापलेले असते. हेतू वाईट नसतो. पण डॉक्टरकडे निघताना तापाची गोळी घ्यावी, तसा हा प्रकार होतो. या गाड्यांचे सर्वांत महागडे दोष नेमके थंड इंजिनात, जुन्या ऑइलमध्ये आणि संगणकाच्या नोंदीत सापडतात. त्या तिन्ही जागा पुसून आणल्या, की एका दिवसाच्या कामाला आम्हाला चार दिवस लागतात.

गेल्या पावसाळ्यात एक ग्राहक फेरारी एफ४३० घेऊन आले. विकणाऱ्याने गाडी निर्दोष असल्याचे सांगितले होते आणि आमच्या दारात इंजिन खरोखरच सुरेल वाजत होते. संगणक जोडल्यावर एकही दोष दिसला नाही, पण रेडिनेस मॉनिटर, म्हणजे संगणक गाडी चालताना स्वतःच करत असलेल्या चाचण्या, अपूर्ण होते, म्हणजे नोंदी नुकत्याच पुसल्या गेल्या होत्या. गाडी रात्रभर थंड होऊ दिली आणि सकाळी सहाला सुरू केली, तेव्हा एका बाजूने शिलाई मशीनसारखी बारीक टिकटिक ऐकू आली आणि इंजिन तापताच ती थांबली. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरांतला धूर गोळा करून बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाला, तडा गेला होता. धातू तापून फुगला की फट मिटते आणि आवाज जातो. हा या मॉडेलचा ओळखीचा दोष आहे. तो दुर्लक्षित राहून आतले तुकडे सुटू लागले, तर इंजिनालाच धोका पोहोचतो. दोन्ही बाजूंचे मॅनिफोल्ड बदलण्याचा खर्च आमच्याकडे सहा लाखांच्या खाली क्वचितच येतो, त्यामुळे त्या एका रात्रीची किंमत त्या ग्राहकांना वेगळी समजावून सांगावी लागली नाही.

पोर्शेच्या बाबतीत ऑइल बदलून आणणे सर्वांत जास्त नडते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००८ पर्यंतच्या ९११, बॉक्स्टर आणि केमनच्या अनेक इंजिनांत इंटरमीडिएट शाफ्टचे (इंजिनातल्या मधल्या फिरत्या दांड्याचे) बेअरिंग हा कच्चा दुवा आहे. (९११ च्याच ९९६ पिढीतल्या टर्बो आणि जीटी३ यांची इंजिने वेगळ्या घडणीची असल्याने त्यांना ही भीती नाही, ज्यांच्याकडे त्या आहेत त्यांनी निवांत झोपावे.) बेअरिंग झिजू लागले, की धातूचे बारीक कण ऑइल फिल्टरमध्ये जमतात. आम्ही फिल्टर कापून त्याचा कागद उलगडून पाहतो, पण फिल्टर कालच बदललेला असेल, तर त्यात पाहण्यासारखे काहीच उरत नाही. एक्झॉस्टची नळकांडीही पुसून आणू नयेत, कारण एक नळी दुसरीपेक्षा ठळकपणे काळी असेल, तर त्या बाजूच्या सिलिंडरला ओरखडे पडल्याची शंका घेऊन आम्ही आत कॅमेरा सोडतो.

मुंबईत सर्वांत जास्त खर्च मात्र क्लचवर होतो. २००३ ते २०१३ या काळातल्या लॅम्बोर्गिनी गयार्डोचा ई-गिअर किंवा त्या काळातल्या फेरारीचा एफ१ गिअरबॉक्स ऑटोमॅटिक वाटला, तरी आत साधा एकेरी क्लच असतो आणि तो हायड्रॉलिक दाबाने चालवला जातो. पेडर रोडच्या चढावर पुढच्या गाडीला चिकटून इंच-इंच सरकताना हा क्लच सतत घासत राहतो, आणि तळघरातल्या पार्किंगचा उतार रिव्हर्समध्ये चढताना त्याहून अधिक. सिग्नलला न्यूट्रल करावे, पुढे थोडी जागा होऊ द्यावी आणि मग एकदाच निश्चयाने निघावे. क्लच किती झिजला, हे संगणक टक्केवारीत दाखवतो. परंतु क्लच बसवताना मूळ नोंद चुकीची घातली असेल, तर ती टक्केवारीही चुकीची असते, म्हणून विकणाऱ्याच्या मोबाइलवरील फोटोवर आम्ही विसंबत नाही. सुटे भाग आयात करावे लागत असल्याने गयार्डोच्या क्लचसाठी पाच ते आठ लाख रुपये हाताशी ठेवावेत.

टायमिंग बेल्टबाबत (इंजिनाच्या व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणाऱ्या पट्ट्याबाबत) किलोमीटर सांगून उपयोग नाही, बेल्ट किती वर्षांचा आहे ते सांगावे. फेरारी एफ३५५ मध्ये तो बदलण्यासाठी इंजिन खाली उतरवावे लागते, ३६० मध्ये सीटमागून काम होते, आणि एफ४३० ला बेल्टच नाही, चेन आहे. त्यामुळे एकाच कंपनीच्या तीन गाड्यांच्या अंदाजपत्रकांत मोठी तफावत दिसते. दमट हवेत चिकट होणारी डॅशबोर्डवरील बटणे आम्ही काढून, साफ करून, पुन्हा रंगवून देतो. हे काम हजारांतच भागते. टायरची नक्षी खोल दिसली, तरी त्याच्या कडेवरचा चार आकडी शिक्का वाचावा. २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा, आणि असे टायर पावसात रस्ता धरत नाहीत.

तपासणीची फी ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. ती महाग वाटते, हे आम्ही जाणतो. तिच्यात रात्रीचा मुक्काम, थंड इंजिनाची चाचणी, फिल्टरची व सिलिंडरची पाहणी आणि छायाचित्रांसह लेखी अहवाल येतो. अहवालातले काम तीन महिन्यांच्या आत आमच्याकडे केल्यास फीची रक्कम बिलातून वजा होते, आणि काम दुसरीकडे करायचे असल्यास तोच अहवाल तिथे न्यावा, आमची हरकत नाही.

गाडी संध्याकाळी साडेसहापर्यंत पोहोचवावी. बॅटरी काढू नये, दिवा लागलेला असेल तर तो तसाच राहू द्यावा, ऑइलला हात लावू नये, आणि सर्व्हिस बुकबरोबर दोन्ही किल्ल्या आणाव्यात. धुण्याचे काम परत देताना आम्ही करून देऊ, त्याचे पैसे लागत नाहीत.