मधल्या फळीतला खालिद जमील

१ ऑगस्ट २०२५ रोजी खालिद जमील भारताच्या पुरुष फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्याआधी या पदावर भारतीय माणूस होता तो २०१२ पर्यंत, सॅव्हिओ मेडेइरा. मधली तेरा वर्षं परदेशी प्रशिक्षकांची.

आपल्या मराठवाड्यात जुन्या माणसांना यात नवल वाटायचं कारण नाही. आपले पाच जिल्हे हैदराबाद राज्यात होते, तेव्हा त्याच हैदराबादचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी १९५१ मध्ये दिल्लीत भारताला आशियाई सुवर्ण मिळवून दिलं होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो आणि बरोबर महिन्याने त्यांच्याच संघाने मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला ४–२ हरवलं. १९६२ ला जकार्तात पुन्हा सुवर्ण. त्यानंतर आशियाई सुवर्ण आलेलं नाही.

जमील यांचा जन्म १९७७ चा, कुवेतमधला. इराकने १९९० मध्ये कुवेतवर हल्ला केला, त्यानंतर कुटुंब भारतात आलं. ते मुंबईत मधल्या फळीत खेळले: महिंद्र युनायटेड, एअर इंडिया, शेवटी मुंबई एफसी. भारताकडूनही खेळले. कोलकात्याच्या ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या दोन्ही मोठ्या क्लबांनी बोलावलं, पण तिथले प्रायोजक मद्याचे म्हणून ते गेले नाहीत. त्या काळात एवढा पैसा आणि नाव नाकारणं सोपं नव्हतं, आणि मला या माणसाबद्दल आदर वाटतो तो इथपासून. पुढे दुखापतींनी खेळणं थांबवलं. २००९ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, ते मुंबई एफसीचेच प्रशिक्षक झाले.

तिथे पैसा बेताचा. मोठे खेळाडू घेणं परवडायचं नाही, म्हणून आधी गोल खायचा नाही, मग संधी मिळाली की पुढे धावायचं, हा खेळ बसवला. सात हंगाम क्लब वरच्या लीगमध्ये टिकला. २०१६ मध्ये नोकरी गेली.

मिझोरामचा आयझॉल एफसी तेव्हा आय-लीगमधून, म्हणजे त्याच वरच्या लीगमधून, खाली घसरला होता. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळे त्याला पुन्हा जागा मिळाली. जमील तिकडे गेले. जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे मुंबई एफसीतले गडीही आयझॉलला आले. मधल्या फळीत सीरियाचा महमूद अल अमना खेळ ओढून धरायचा. स्वतः त्या जागी खेळलेल्या प्रशिक्षकाने संघाचा कणा तिथेच उभा करावा, हे मला सगळ्यात बोलकं वाटतं. एप्रिल २०१७ मध्ये त्यांनी घरच्या मैदानावर मोहन बागानला १–० ने हरवलं. ३० एप्रिलला शिलाँगमध्ये तिथल्या लाजोंग क्लबने आधी गोल केला. आयझॉलने बरोबरी साधली आणि त्या एका गुणावर विजेतेपद आलं. ईशान्येकडचा देशविजेता झालेला हा पहिला क्लब. छत्रपती संभाजीनगरच्या आमखास मैदानावर धुळीत खेळणाऱ्या पोरांना मी मोठ्या युरोपियन क्लबांआधी हाच हंगाम सांगतो.

पुढे ते ईस्ट बंगाल, मोहन बागानचे प्रशिक्षक झाले. २०२१ मध्ये हंगामाच्या मधूनच इंडियन सुपर लीगमधला नॉर्थईस्ट युनायटेड हाती आला. सलग दहा सामने न हरता त्यांनी तो उपांत्य फेरीत नेला. मग जमशेदपूर, २०२५ च्या सुपर कपची अंतिम फेरी.

राष्ट्रीय संघाबरोबरची पहिलीच मोहीम मध्य आशियातल्या काफा नेशन्स कपची. ताजिकिस्तानला त्यांच्याच घरी २–१ हरवलं, ओमानला पेनल्टींवर मागे टाकून तिसरं स्थान घेतलं. ऑक्टोबरमध्ये मात्र मडगावात सिंगापूरने २–१ ने हरवलं आणि २०२७ च्या आशिया कपची वाट बंद झाली.