बेरोजगारी: वय, लिंग व प्रदेशानुसार कल

काम नसलेला प्रत्येक जण बेरोजगार ठरत नाही. श्रमसांख्यिकीतज्ज्ञांच्या 1982 च्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवलेल्या निकषांनुसार, पाहणीच्या काळात तासभरही काम न केलेली, कामासाठी उपलब्ध असलेली आणि प्रत्यक्ष काम शोधणारी व्यक्तीच बेरोजगार. काम करणारे व शोधणारे मिळून श्रमबल होते. त्यातील बेरोजगारांची टक्केवारी म्हणजे बेरोजगारीचा दर. शोध सोडून दिलेला माणूस या दरातून गळतो, आणि नेमके कोण गळते हे वय, लिंग व प्रदेश यांवर फार अवलंबून असते.

15 ते 24 वयोगटाचा दर जवळपास सर्वत्र प्रौढांहून बराच जास्त असतो. अनुभव नसतो, पहिली नोकरी मिळायला वेळ लागतो आणि मंदीत शेवटी आलेल्यांना आधी काढले जाते. 2013 मध्ये स्पेनमध्ये एकूण दर सुमारे 26 टक्के होता, तर पंचविशीखालील तरुणांचा 55 टक्क्यांच्या आसपास. जर्मनीत शालेय शिक्षणाला कारखान्यातील उमेदवारीची जोड असल्याने ही दरी लहान राहते. पन्नाशीनंतर दर कमी दिसतो. पण गेलेले काम परत मिळायला फार काळ लागतो, आणि अनेक जण नाइलाजाने अकाली निवृत्त होतात.

स्त्रियांच्या बाबतीत तर नुसता दर पाहणे अन्यायाचे आहे. घरकाम, मुले व आजारी माणसे सांभाळणारी स्त्री नोकरीची इच्छा असूनही शोधाला बाहेर पडू शकली नाही, तर ती श्रमबलातच धरली जात नाही. त्यामुळे स्त्रियांचा दर कमी असणे हे सुस्थितीचे लक्षण असेलच असे नाही. सोबत श्रमबल सहभागाचा दर, म्हणजे काम करण्याच्या वयातील किती टक्के माणसे श्रमबलात आहेत, हे पाहावेच लागते. संकट कोणत्या व्यवसायांवर येते यालाही महत्त्व आहे. अमेरिकेत 2008 नंतरच्या मंदीत बांधकाम व कारखानदारी कोसळल्याने पुरुषांना अधिक झळ बसली. 2020 मध्ये हॉटेले व दुकाने बंद पडल्यावर ती स्त्रियांना बसली.

प्रादेशिक तफावत सहसा पिढ्यान्‌पिढ्या टिकते. दक्षिण इटलीतील दर उत्तरेच्या कितीतरी पट राहत आला आहे. एकाच उद्योगावर जगणाऱ्या भागात खाण किंवा गिरणी बंद झाली की तरुण बाहेर पडतात आणि मागे राहिलेल्यांना नवे काम मिळणे आणखी अवघड होते. शेतीप्रधान भागांत दर कमी असतो, कारण घरच्या शेतावर गरजेपेक्षा जास्त माणसे राबतात. ही छुपी बेकारी आणि हंगामापुरते मिळणारे काम टिपण्यासाठी कामाचे तास व मिळकत यांचीही स्वतंत्र नोंद घ्यावी लागते.