२०० अंशांना छापलेलं ब्रॅकेट २०० अंश सोसतं का?

वायरलेस सेटसाठी थ्रीडी प्रिंटरवर ब्रॅकेट छापणाऱ्यांमध्ये एक समज फिरत असतो: “पीएलए (छपाईचं नेहमीचं प्लास्टिक) २०० अंश सेल्सिअसला वितळवून छापतात, रेडिओ तेवढा तापत नाही, म्हणजे काळजी नको.”

अर्धं खरं आहे. रेडिओ तेवढा तापत नाहीच. पण ब्रॅकेट निकामी व्हायला प्लास्टिक वितळावं लागत नाही, मऊ पडलं तरी पुरतं. पीएलए साधारण ६० अंशांनाच मऊ पडू लागतं, छपाईची दुसरी प्लास्टिकं म्हणजे पीईटीजी ८०च्या आसपास, एबीएस १०५च्या.

आता रेडिओकडे बघा. ५० वॅटचा सेट प्रक्षेपण करताना १३.८ व्होल्टवर १० अँपिअर ओढत असेल, तर १३८ वॅट आत जातात. ५० अँटेनाकडे निघतात. उरलेले ८८ बहुतेक हीटसिंकमध्येच (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागात) मुरतात. लांबलचक बोलणं झालं की हीटसिंकला हात टेकवत नाही. त्यात स्क्रू घट्ट आवळलेला, म्हणजे मऊ पडलेलं प्लास्टिक हळूहळू दबतं आणि सेट सैल होतो.

पंखा लावला की प्रश्न मिटतो, हेही पूर्ण खरं नाही. हवा हीटसिंकच्या फिन्समधून (पातळ पात्यांमधून) वाहिली तरच उपयोग. ब्रॅकेटनेच फिन्स झाकल्या तर पंखा नुसता गुणगुणतो. शिवाय पंखे बंद पडतात (आणि कळतं उशिरा).

खात्री घरीच होते. त्याच प्लास्टिकची पातळ पट्टी छापा, थर्मामीटर लावून ७० अंशांच्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा, चिमट्याने वाकवून पाहा. पीएलए निमूट वाकेल. अशा वेळी वजन धातूच्या पट्टीवर द्यावं, प्रिंटवर फक्त पंखा.