मेंदूतली रसायनं मोजायला लावणारी मुळी

नैराश्य म्हणजे मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन कमी पडणं, हे आता चहाच्या टपरीवरही ऐकू येतं. पण ते मोजलं कुणी? या गोष्टीचा एक धागा मुंबईतून जातो.

सर्पगंधेची मुळी आपल्याकडे वेडावर पूर्वापार दिली जायची. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९मध्ये उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरचा तिचा अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला आणि पाश्चात्त्य डॉक्टरांचे कान टवकारले. १९५२मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत या मुळीतून रेझर्पिन वेगळं काढलं गेलं. रक्तदाब उतरायचा, पण काही रुग्ण खिन्न होऊन बसायचे.

नेमकं त्याच सुमारास अमेरिकेत बेथेस्डाच्या सरकारी संशोधन संस्थेत रॉबर्ट बोमन यांनी एक यंत्र बनवलं होतं. अतिनील प्रकाश टाकला की रेणू आपापल्या रंगात चमकतात. चमक जितकी जास्त, तितकं रसायन जास्त. त्यावर बर्नार्ड ब्रॉडी यांच्या गटाला दिसलं, की रेझर्पिन दिलेल्या सशांच्या मेंदूतलं सेरोटोनिन जवळपास संपतं.

तिथेच हे तंत्र शिकलेले आर्विड कार्लसन स्वीडनला परतले. रेझर्पिनने लुळे पडलेले ससे सेरोटोनिनच्या कच्च्या मालाने हलले नाहीत. डोपामिन या दुसऱ्या रसायनाचा कच्चा माल असलेलं एल-डोपा टोचताच मात्र उड्या मारू लागले. मेंदूत डोपामिन स्वतंत्रपणे काम करतं, हे इथून कळत गेलं. त्यांना नोबेल मिळालं ते २०००मध्ये.

१९६५मध्ये जोसेफ शिल्डक्राउट यांनी नैराश्याचा संबंध नॉरएड्रिनॅलिन या मेंदूतल्या आणखी एका रसायनाच्या कमतरतेशी जोडला. पुढे सेरोटोनिनची पाळी आली. यंत्राला जे दिसत होतं त्याच रसायनांभोवती सिद्धांत उभे राहिले, असं मला वाटतं. सशाच्या मेंदूपासून माणसाच्या दुःखापर्यंतची ही उडी तशी लांबचीच.

जिवंत माणसाचा मेंदू वाटून यंत्रात घालता येत नाही, खरी अडचण ही. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात असतं, म्हणून रक्ततपासणीवरून मेंदूचं काही कळत नाही. स्टॉकहोममध्ये मारी ओस्बर्ग यांनी १९७६मध्ये पाठीच्या कण्यातल्या पाण्यात सेरोटोनिनचा उरलेला अंश मोजला. तो कमी असलेल्या नैराश्याच्या रुग्णांमध्ये आत्महत्येचे प्रयत्न जास्त आढळले. पण नैराश्य असलेल्या सगळ्यांमध्ये तो कमी नव्हता. १९८३मध्ये हेन्री वॅग्नर यांनी किरणोत्सारी खुणेने मेंदूचं चित्र काढणाऱ्या पेट स्कॅनने डोपामिनचे ग्राहक (रिसेप्टर) टिपले, तेही स्वतःच्याच डोक्यातले. त्या चित्रात डोपामिन दिसत नाही, ते जिथे चिकटतं त्या जागा दिसतात.