स्प्रिंग सगळेच देतात, तेलाचं काय?

‘डबल शॉकर हाय की, आणि काय पायजे तुमास?’ बेळगावात डोंगरात चालवायची सायकल मागितली की हे वाक्य हमखास कानावर पडतं. पुढे दोन जाड नळ्या, सीटखाली लाल नाहीतर पिवळी स्प्रिंग. ही सायकल काही हजारांत मिळते आणि दिसते लाखाच्या सायकलसारखी. दुसऱ्या टोकाला खरोखरच लाख-दोन लाख बाजूला काढून बसलेली मंडळी आहेत. त्यांना जांबोटीकडच्या सड्यांवर, राजहंसगडाच्या उतारावर, नाहीतर सीमेपलीकडे वैजनाथच्या डोंगरात सायकल दणकवायची असते. त्यांचा प्रश्न ठरलेला: १५० मिलिमीटरची घेऊ की १७० ची? दोघांच्याही डोक्यात सस्पेन्शन म्हणजे स्प्रिंग. एकाला ती दिसली की पुरे, दुसऱ्याला ती लांब हवी.

मिलिमीटरचा हिशेब आधी उरकून टाकू. चाक वरखाली किती सरकू शकतं त्याला ट्रॅव्हल म्हणतात. शर्यतीच्या हलक्या सायकलींना १०० ते १२०, डोंगरवाटेवर चढ-उतार दोन्ही करणाऱ्या ट्रेल सायकलींना साधारण १२० ते १५०, जास्त खडतर उतारांसाठीच्या एन्ड्युरोला १५० ते १८०, आणि गाडीतून वर नेऊन फक्त खाली सोडायच्या डाउनहिल सायकलींना २०० च्या आसपास. चढायलाही हवी आणि उतारावर अंगावर घ्यायलाही हवी, अशी एकच सायकल पाहिजे असेल तर १३० ते १५० मध्ये बघा. हे माझं मत आहे. त्याचं कारण मिलिमीटरमध्ये नाही, तेलात आहे.

सायकलवर बसलं की मागचं चाक थोडं आत दबतं, त्याला सॅग म्हणतात. १५० मिलिमीटरच्या सायकलला साधारण ३० टक्के, म्हणजे ४५ मिलिमीटर सॅग ठेवतात. आता शाळेतली स्प्रिंग आठवा. वजन टांगलेली स्प्रिंग एका सेकंदात किती वेळा वरखाली होईल हे काढायला ती वजनाने किती ताणली गेली एवढंच कळावं लागतं. गुरुत्वत्वरण ९.८, त्याला ०.०४५ मीटरने भागा, वर्गमूळ काढा, २π ने भागा. उत्तर सेकंदाला सुमारे २.३५ वेळा. गंमत अशी, की या गणितात बसणाऱ्याचं वजन कुठेच नाही. साठ किलोचा पोरगा असो की नव्वद किलोचे काका, दोघांनीही सॅग ४५ मिलिमीटरवर आणला, की दोघांचीही सायकल त्याच तालात डुलणार. (हवेची स्प्रिंग, म्हणजे धातूच्या गुंडाळीऐवजी नळीत कोंडलेली हवा, इतकी सरळमार्गी नसते, त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होतो.)

आता पेडलकडे या. चढावर माणूस मिनिटाला सत्तरेक फेरे मारतो. प्रत्येक फेऱ्यात दोन पाय, म्हणजे दोन जोर. मिनिटाला १४० जोर, सेकंदाला २.३३. वरचा आकडा परत बघा. २.३५!

झोपाळ्याला त्याच्याच लयीत हलका हात लावत राहिलं की झोका वाढत जातो, तसंच हे होतं. प्रत्येक पेडलचा जोर नेमक्या वेळी स्प्रिंगला मिळतो आणि सायकल डुलत डुलत चढते. पायातली ताकद चाकाऐवजी स्प्रिंगमध्ये जाते. ट्रॅव्हल वाढवून हे टळत नाही. १७० मिलिमीटरला त्याच टक्केवारीने सॅग ५१ येतो आणि ताल २.२ वर उतरतो, म्हणजे मिनिटाला ६६ फेऱ्यांवर. दमलेला माणूस नेमका तिथेच येतो. ‘डबल शॉकर’ चढावर घोड्यासारखी का उडते, याचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं म्हणजे त्या स्प्रिंगच्या आत बहुधा काहीच नसतं.

असायला हवा तो डॅम्पर. स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि जशीच्या तशी परत करते; डॅम्पर ती उष्णतेत घालवतो. नव्वद किलोचा भार एक मीटरवरून खाली आला की सुमारे ८८० ज्यूल ऊर्जा हातात येते. पाय काही शोषतात, टायर काही, पण स्प्रिंगमध्ये गेलेलं कुणीतरी संपवायला हवं, नाहीतर ते सीटमार्गे तुम्हाला हँडलवरून पुढे फेकणार. डॅम्पर म्हणजे तेलाने भरलेली नळी आणि त्यात सरकणारा पिस्टन. पिस्टनला छिद्रं असतात, त्यांतून तेल जबरदस्तीने पार करावं लागतं. एवढंच.

आणि एवढंच असतं तर काम बिघडलं असतं. साध्या छिद्रातून तेल वेगाने ढकललं की विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. पेडलच्या डुलण्यात शॉकचा (म्हणजे स्प्रिंग आणि डॅम्परच्या जोडीचा) दांडा सेकंदाला पाचेक सेंटिमीटर सरकतो असं धरा. जांभ्याच्या कोरीव कडेवर चाक आदळलं की तोच दांडा सेकंदाला मीटरभर किंवा जास्त धावतो. वेग वीसपट, म्हणून विरोध चारशेपट! डुलणं थांबेल इतकं बारीक छिद्र ठेवलं, तर दगडावर शॉक लोखंडी कांबीसारखा ताठ होईल. दगड पचेल इतकं मोठं ठेवलं, तर चढावर तेल आहे की नाही हेही कळणार नाही.

यावरचा तोडगा मला फार आवडतो. छिद्राच्या तोंडावर पोलादाच्या पातळ चकत्या बसवतात, एकावर एक, मोठीपासून लहानीपर्यंत. त्यांना शिम म्हणतात. हळू हालचालीत चकत्या बंद राहतात आणि तेलाला फक्त बाजूची बारीक वाट मिळते. धडक बसली, दाब वाढला, की चकत्या कडेला वाकतात आणि वाट आपोआप रुंद होते. वर्गाने चढणारा आलेख त्यामुळे जवळजवळ सरळ रेषेवर येतो. किती दाबाला किती वाकायचं हे चकतीची जाडी ठरवते, आणि वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो. ०.१० मिलिमीटरची चकती काढून ०.१५ ची घातली तर ताठपणा ३.४ पट होतो. फरक केसाच्या जाडीपेक्षाही कमी. उद्यमबागेत हायड्रॉलिक व्हॉल्व्हवर काम करणाऱ्यांना यात काही नवल वाटणार नाही. रिलीफ व्हॉल्व्ह याच तत्त्वावर दाब बघून उघडतो आणि मायक्रोमीटर त्यांच्या खिशातच असतो.

शॉकवरच्या ‘हाय स्पीड’ आणि ‘लो स्पीड’ या खुणांबद्दलचा गैरसमजही इथेच मिटतो. तो वेग सायकलचा नाही, दांड्याचा आहे. गुळगुळीत उतारावर ताशी ५० ने सुटलेल्या सायकलचा डॅम्पर ‘लो स्पीड’मध्ये असतो, दगडाच्या कडेवर ताशी १५ ने धडकलेल्या सायकलचा ‘हाय स्पीड’मध्ये.

नवी सायकल आली की चाकाखाली लिंबू चिरडायची आपल्याकडे पद्धत आहे. खुशाल चिरडा, पण चालवणाऱ्याचं हाड वाचवायला लिंबाच्या रसाचा उपयोग नाही. रिबाउंडचा, म्हणजे दबलेला शॉक किती वेगाने परत उसळेल ते ठरवणारा, स्क्रू दोन खटके फिरवून बघितलात तर होईल. आणि ‘एरोस्पेस ग्रेड’ असं फ्रेमवर छापलेलं दिसलं तर तेही लिंबाच्याच रांगेत ठेवा.

डॅम्परला मदत करणाऱ्या दोन गोष्टी फ्रेममध्ये असतात. पहिली लिव्हरेज. चाक १५० मिलिमीटर आणि शॉक ६० मिलिमीटर सरकत असेल तर गुणोत्तर २.५. म्हणजे शॉकवर बळ अडीचपट, आणि चाकापाशी जाणवणारा स्प्रिंगचा ताठपणा मात्र ६.२५ पटीने कमी. हे गुणोत्तर सुरुवातीला २.९ आणि शेवटी २.३ असं उतरतं असेल, तर शॉक आधी मऊ आणि तळाशी घट्ट लागतो. आडदांड चालवणाऱ्याला हेच हवं. दुसरी अँटी-स्क्वॅट: साखळीच्या ओढीनेच मागचा भाग बसण्यापासून रोखायचा. सॅगपाशी हे १०० टक्क्यांच्या आसपास असलं की पेडलचं डुलणं बरंचसं तिथेच संपतं; फार वाढवलं तर दगडावर पेडल पायाला उलटं ढकलतं. कंपन्या हे आलेख क्वचितच जाहिरातीत देतात, पण विचारायला हरकत नाही.

आपल्या भागात याचा अर्थ काय? खानापूरच्या पश्चिमेला जांभ्याची जमीन आहे: बारीक धारदार खड्डे, सुट्या लाल गोट्या, पावसात शेवाळ. उंच उड्या कमी, सतत दणके जास्त. तिथे जास्त ट्रॅव्हलपेक्षा नीट चालणारा डॅम्पर चाकाला जमिनीवर टिकवतो. येळ्ळूरकडची काळी माती वेगळंच प्रकरण आहे. ती चाक आणि फ्रेमच्या मध्ये अडकून चाकच थांबवते, तेव्हा टायरभोवती बोटभर जागा बघून घ्या. बाकी नेहमीचं: २९ इंची चाकं, ६५ अंशांच्या आसपासचा हेड अँगल (हँडलखालच्या नळीचा जमिनीशी कोन), चार पिस्टनचे ब्रेक, चालवता चालवता सीट खालीवर करणारी ड्रॉपर सीटपोस्ट, २.४ इंची ट्यूबलेस टायर. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत मात्र परवानगीशिवाय शिरू नका, सायकल कितीही चांगली असो.

एकाच किमतीत खालच्या श्रेणीच्या शॉकची १७० मिलिमीटर आणि वरच्या श्रेणीच्या शॉकची १४० मिलिमीटर मिळत असेल तर दुसरी घ्या. सोबत शॉक पंप घ्याच; शॉकमधली हवा सहज २०० पीएसआयच्या घरात जाते आणि तिथे साधा पंप चालत नाही. दुकानदाराला फ्रेमच्या हमीआधी शॉकचं माप आणि सीलची किट कुठून येणार हे विचारा. कंपन्या साधारण ५० तासांनी हवेच्या बाजूची साफसफाई आणि २०० तासांच्या आसपास डॅम्परचं तेल बदलायला सांगतात, आणि कणकुंबीच्या पावसात लाल चिखलातून फिरणाऱ्याने त्या तासांवर फार विसंबू नये. किट पुणे किंवा बेंगळुरूहून यायला महिना लागणार असेल, तर ती जूनच्या आधीच मागवून ठेवा.