प्रोस्टेट कॅन्सरची गोळी: उपाशीपोटी, की नाश्त्यासोबत?

प्रोस्टेटच्या कॅन्सरचं निदान झालं की घरात पहिली गदा येते ती साखरेच्या डब्यावर. 'साखर तोडा, कॅन्सर उपाशी मरेल' हा फॉरवर्ड तोवर तीन ग्रुपवरून येऊन गेलेला असतो. गंमत अशी की नेहमीच्या पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी ग्लुकोज टोचतात आणि ते ओढून घेणाऱ्या गाठी चमकतात, पण सुरुवातीच्या टप्प्यातला प्रोस्टेटचा कॅन्सर ग्लुकोज इतकं कमी ओढतो की त्या स्कॅनमध्ये तो बरेचदा दिसतच नाही. त्याच्यासाठी पीएसएमए नावाचा वेगळा स्कॅन वापरतात.

साखरेनंतर नंबर लागतो व्हिटॅमिनच्या गोळ्यांचा. अमेरिकेत ३५ हजारांहून जास्त निरोगी पुरुषांवर सेलेनियम आणि व्हिटॅमिन ई यांची चाचणी झाली. प्रोस्टेटचा कॅन्सर टळेल अशी आशा होती. २०११ मध्ये आकडे आले, तेव्हा नुसतं व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत हा कॅन्सर १७ टक्के जास्त निघाला. भाज्यांचं काय? सौम्य कॅन्सर असलेल्या, नुसत्या देखरेखीखाली ठेवलेल्या चारशेहून जास्त पुरुषांवरच्या प्रयोगाचा निकाल २०२० मध्ये आला. भाज्या खाणं खरोखर वाढलं होतं, पण दोन वर्षांत आजार पुढे सरकण्यात फरक पडला नाही. भाज्या खाव्यातच, हृदयासाठी. त्यांना औषध म्हणू नये, एवढंच. गोमूत्राबद्दल तर बोलायलाच नको.

मग ताटात काय आहे याने काहीच फरक पडत नाही? पडतो, आणि तोही भलत्याच ठिकाणी.

हा कॅन्सर टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर पोसतो, हे शिकागो विद्यापीठातल्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं. त्याबद्दल त्यांना १९६६ चं नोबेल मिळालं. त्यामुळे आजार पसरला असेल तर हार्मोनचं इंजेक्शन देऊन वृषणांतलं उत्पादन बंद करतात. पण थोडं टेस्टोस्टेरॉन मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींमुळे आणि खुद्द गाठीतही बनत राहतं. तो कारखानाही बंद करणारं औषध म्हणजे अ‍ॅबिराटेरॉन. रोज २५० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या, आणि सक्त ताकीद: आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही.

ही अट कशासाठी? आम्लपित्त होईल म्हणून नव्हे. हे औषध पाण्यात जवळपास विरघळतच नाही. उपाशीपोटी घेतलं तर निम्म्याहून जास्त औषध जसंच्या तसं शौचावाटे निघून जातं. स्निग्ध जेवण आतड्यात उतरलं की पित्ताशय आकसतं आणि पित्त येऊन पडतं. तेलकट ताटावर साबण जे करतो तेच पित्तातले क्षार करतात: तेलाचे बारीक थेंब पाण्यात धरून ठेवतात. या थेंबांत अ‍ॅबिराटेरॉन आरामात विरघळतं आणि आतड्याच्या भिंतीतून आत शिरतं. किती? सुमारे ३०० कॅलरींच्या, अगदी कमी चरबीच्या जेवणासोबत रक्तात एकूण पाचपट औषध पोचतं. ८२५ कॅलरींच्या तुपकट जेवणासोबत दहापट, आणि कमाल पातळी तर १७ पट! तुमचं जेवण रोज सारखं नसतं, म्हणून 'उपाशीपोटी' हा नियम.

आता एकादशी आठवा. 'आज हलकंच खाल्लंय' म्हणत माणूस गोळ्या घेतो. पोटात असते साबुदाण्याची खिचडी: तुपातली जिऱ्याची फोडणी, वर दाण्याचं मूठमूठ कूट. पंचांगाच्या हिशेबाने उपास, पित्ताशयाच्या हिशेबाने मेजवानी.

हेच उलटं वापरलं तर? हगिन्सच्याच विद्यापीठातल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने अमेरिका आणि सिंगापूरमधल्या ७२ रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना उपाशीपोटी १००० मिलिग्रॅम, निम्म्यांना कमी चरबीच्या नाश्त्यासोबत फक्त २५०. २०१८ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: बारा आठवड्यांनी एका गोळीवाल्यांचा पीएसए (या आजाराचा माग ठेवणारी रक्तातली खूण) किमान चार गोळीवाल्यांइतका तरी उतरला होता. चाचणी लहान आहे, आणि तिने पीएसए मोजला, आयुष्य नाही. तरी अमेरिकेतल्या कॅन्सर केंद्रांच्या एनसीसीएन या संघटनेच्या मार्गदर्शिकेने हा पर्याय नोंदवला आहे, आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या तज्ज्ञांनीही त्याबद्दल लिहिलं आहे. जिथे औषधाचा खर्च घरातून जातो, तिथे चारातल्या तीन गोळ्या वाचणं म्हणजे काय ते सांगायला नको. पण हा बदल डॉक्टरांनीच करायचा. चार गोळ्या खिचडीवर किंवा एक गोळी उपाशीपोटी, दोन्ही घोटाळेच.

सोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड असतं, ते मात्र जेवणानंतर. घरोघरी इथेच गोंधळ होतो. प्रेडनिसोलोन देण्याचं कारण असं: अ‍ॅबिराटेरॉन जे एन्झाइम अडवतं, तेच कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बनवायलाही लागतं. कॉर्टिसॉल घटलं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी अ‍ॅड्रिनलला आणखी हाकते, मीठ धरून ठेवणारी हार्मोन्स साचतात, बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं, पायावर सूज येते. प्रेडनिसोलोन ही हाकाहाक थांबवतं. या औषधावर असताना पापड-लोणच्याला आवर घालायला सांगतात, ते या कारणाने.

हार्मोनच्या इंजेक्शनचे परिणाम वेगळे: चरबी वाढते, स्नायू आणि हाडं झिजतात, इन्सुलिन नीट काम करेनासं होतं. तेव्हा गोड कमी करायला हरकत नाही, पण मधुमेह टाळायला. स्नायूंसाठी डाळ, अंडी, मासे, आणि सोबत वजनं उचलणं. नुसत्या प्रथिनांनी भागत नाही. हाडांसाठी कॅल्शियम: १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम असतं. कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील, तर ताटातलं कॅल्शियमही डॉक्टरांना सांगा, म्हणजे गोळीचा डोस त्या बेताने ठरवता येतो.