एचआयव्ही बाधितांमधील मुखविकार

मानवी प्रतिकारक्षमता-ऱ्हास विषाणूमुळे (एचआयव्ही) शरीराची प्रतिकारशक्ती खालावली असता तोंडातील श्लेष्मल त्वचा, हिरड्या व लाळग्रंथी यांना होणारे विकार. एड्सची पहिली अधिकृत नोंद ५ जून १९८१ रोजी अमेरिकेत प्रसिद्ध झाली असे सामान्यतः मानतात. तीतील पाचही रुग्णांच्या श्लेष्मल त्वचेला कँडिडा या बुरशीचा संसर्ग झालेला होता.

कँडिडाचा विकार सर्वांत जास्त आढळतो. त्याचे पांढरे पापुद्रे पुसले असता निघतात व खाली लालसर भाग दिसतो. टाळू व जिभेवरील नुसता लाल प्रकार मात्र तपासणीत सहज सुटतो. ओठांचे कोपरेही चिरतात. संसर्ग अन्ननलिकेत उतरल्यास गिळणे यातनामय होते.

केसाळ श्वेतचट्टा हा विकार प्रथम १९८४ मध्ये डेबोरा व जॉन ग्रीनस्पॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे वर्णिला. जिभेच्या कडांवर उभ्या वळ्या असलेला हा चट्टा पुसून निघत नाही. पहिल्या निबंधात कारण म्हणून पॅपिलोमा (चामखिळी उत्पन्न करणारा विषाणू) आणि नागीण-गटातील विषाणू अशा दोहोंकडे निर्देश होता. १९८५ मध्ये चट्ट्याच्या पेशींत एप्स्टीन-बार या नागीण-गटातील विषाणूची वाढ दाखविली गेली आणि पॅपिलोमाचे मत मागे पडले. असायक्लोव्हिर हे नागीण-गटातील विषाणूंवरील औषध दिल्यास चट्टा ओसरतो व ते थांबविल्यावर बहुधा परततो, हेही एप्स्टीन-बारच्या मताला पोषकच आहे. हा विकार फक्त एचआयव्हीत होतो हे आरंभीचे मत, अवयव-प्रतिरोपण झालेल्या रुग्णांतही तो आढळल्याने टिकले नाही. ‘श्वेतचट्टा’ हे नाव काहीसे दुर्दैवी म्हणावे लागेल. तंबाखूशी निगडित पांढऱ्या चट्ट्यासारखा हा कर्करोगपूर्व नसतो आणि रुग्णाला ती भीती घालू नये.

हिरडीच्या कडेची लाल रेघ १९९३ च्या वर्गीकरणात एचआयव्हीशी दृढ संबंध असलेल्या गटात होती. १९९९ च्या हिरडीरोग-वर्गीकरणात ती बुरशीजन्य विकारांत घातली गेली. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण केवळ दात स्वच्छ करून ही रेघ सहसा जात नाही. ऊतकनाशी हिरडीरोगात हाड झपाट्याने झिजते. टाळूवरील जांभळट कॅपोसी सारकोमा या वाहिन्यांच्या अस्तरातून उद्भवणाऱ्या कर्करोगामागे नागीण-गटातील आठवा मानवी विषाणू असतो. या विषाणूचा शोध १९९४ मध्ये लागला.

विषाणुरोधक संयुक्त उपचारांनंतर यांपैकी बहुतेक विकार घटले. पॅपिलोमाजन्य चामखिळी मात्र काही ठिकाणी वाढल्याचे नोंदले आहे. लाळ कमी झाल्याने दात किडण्याचा त्रासही उरतो.